संगणक रुसत नाही

जऊळका रेल्वे (तालुका मालेगाव, जिल्हा वाशीम) येथील एका वाचक भगिनीचे पत्र आमच्या हाती आले आहे. पत्र दोन पानी असून अक्षर सुबक आहे. मात्र मजकूर वाचून आम्हाला वाटले की, हा प्रश्न एका घरापुरता नाही. म्हणून या आठवड्याचे सदर त्या पत्राच्या उत्तरासाठी देत आहोत.

ताई लिहितात की, त्यांची लेक यंदा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. नवा संगणक घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून पुण्याला नोकरी करणाऱ्या भाच्याने आपला जुना मदरबोर्ड आणि प्रोसेसर दिला, बाकीचे सुटे भाग अकोल्याहून आणले आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत भाच्यानेच ते सगळे जोडून दिले. तीन महिने संगणक उत्तम चालला. आता सकाळी बटन दाबले की पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो. चार वेळा खटाटोप केल्यावर सुरू झालाच, तर तारीख कित्येक वर्षांपूर्वीची दाखवतो. शिष्यवृत्तीचे संकेतस्थळ उघडत नाही. दुपारी अर्धा तास काम केले की आपोआप बंद पडतो. दुकानदाराने डबा न उघडताच "मदरबोर्ड गेला" असे सांगून नव्याची किंमत ऐकवली. शेजारच्या बाईंनी लिंबू-मिरची बांधायचा सल्ला दिला. आणि शेवटी ताई विचारतात, "आमच्यासारख्यांनी असल्या यंत्राच्या नादी लागावे की भंगारात देऊन मोकळे व्हावे?"

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही शेवटीच देऊ. आधी लिंबू-मिरचीचा निकाल लावू. ज्या घराने बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्या घरात यंत्राला नजर लागत नसते. संगणक माणसासारखा रुसत नाही, फुगत नाही. तो बंद पडतो तो कारणाने, आणि ते कारण दूर झाले की सुरू होतो. तथागतांनी दुःख आहे एवढे सांगून लोकांना घरी पाठवले नाही. दुःखाला कारण आहे, ते कारण दूर करता येते आणि त्यासाठी मार्ग आहे, अशी चारही पावले सांगितली. बिघडलेल्या यंत्रापुढे बसताना हीच चार पावले कामाला येतात. कालामांना केलेल्या उपदेशाचाही अर्थ असा की, कोणी मोठा माणूस सांगतो म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा. डबा न उघडता निकाल देणाऱ्या दुकानदारालाही तो लागू आहे.

दोन नियम आणि एक ताकीद

पहिला नियम असा की, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. रॅम काढली, केबल बदलली, विंडोजही नव्याने टाकले आणि संगणक सुरू झाला, तर दोष कशात होता हे कधीच कळणार नाही. पुढच्या महिन्यात तोच दोष आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दुसरा नियम असा की, शंभर पानी वही करून संगणकाजवळ ठेवावी. कोणत्या दिवशी, किती वाजता, काय करत असताना बंद पडला आणि आपण काय केले, ते लिहावे. आठवडाभराची नोंद पाहिली की पुष्कळदा दोष स्वतःच बोलू लागतो.

ताकीद ही की, डबा उघडण्यापूर्वी वायर भिंतीतून काढावी. वायर काढल्यावर बटन पाच-दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. भागांना हात लावण्याआधी डब्याच्या उघड्या लोखंडाला हात लावावा, कारण अंगावरच्या स्थिर विजेने नाजूक भाग दगावतात. आणि वीजपुरवठा करणारी पेटी, जिला एसएमपीएस म्हणतात, ती मात्र कधीही खोलू नये. वायर काढल्यानंतरही तिच्या पोटात धोकादायक वीज साठून राहते.

आधी भिंतीकडे पाहा

आपल्या भागात अर्धे दुखणे संगणकाच्या बाहेर असते. घरात २३० व्होल्टच्या आसपास दाब हवा. रब्बीत हरभऱ्या-गव्हाला पाणी देणारे कृषिपंप एकदम सुरू झाले की डीपीवरचा भार वाढतो आणि दाब उतरतो. पंप बंद झाले की तो एकदम चढतो. दिवा मिणमिणला की आपल्याला दिसते, संगणक मात्र त्याच क्षणी बंद पडून पुन्हा सुरू होतो. वहीत बंद पडल्याची वेळ लिहा म्हणतो ती यासाठीच. पंपांची वेळ आणि बंद पडण्याची वेळ जुळली, तर मदरबोर्डला दोष देण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर तिसऱ्या पिनेला जमीन मिळालेली नाही असे समजावे. वायरमनकडून मल्टिमीटरने मोजून घ्यावे. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थमध्ये अगदी थोडे व्होल्ट दिसायला हवेत. हे काम जाणकारानेच करावे.

तिसरी गोष्ट यूपीएसची. ६०० व्हीएचा साधा यूपीएस वीज गेल्यावर काही मिनिटे संगणक धरून ठेवतो. ती मिनिटे काम जतन करून नीट बंद करण्यासाठी असतात, टीव्ही पाहण्यासाठी नव्हेत. घरी इन्व्हर्टर असेल, तर पुष्कळ इन्व्हर्टरना मागे यूपीएस आणि साधा असे दोन बाजूंचे बटन असते. ते यूपीएसच्या बाजूला नसेल, तर वीज बदलताना संगणक झटका घेतो.

विजेचा विषय निघाला म्हणून एक आठवण देतो. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते आणि वीज हा विषयही त्यांच्याच खात्याकडे होता. सार्वजनिक बांधकाम आणि वीज यांसंबंधीच्या धोरण समितीची बैठक २५ ऑक्टोबर १९४३ रोजी त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. स्वस्त आणि मुबलक विजेवाचून उद्योग वाढणार नाहीत आणि उद्योगांवाचून इथल्या माणसाचे दारिद्र्य हटणार नाही, असा त्यांचा विचार होता. आपल्या घरातल्या तीन पिनेच्या सॉकेटकडे पाहताना हा इतिहास मुलांना सांगावा.

पंखा फिरतो, पण पडदा काळा

आता ताईंच्या पहिल्या तक्रारीकडे वळू. बटन दाबल्यावर संगणक प्रथम स्वतःचीच तपासणी करतो. प्रोसेसर, रॅम, चित्र दाखवणारा भाग आणि मग डिस्क, असा त्याचा क्रम ढोबळमानाने असतो. यांपैकी कोठे अडला ते तो सांगतोही. काही मदरबोर्डवर चार बारीक दिवे असतात. जो दिवा पेटून राहील, तिथे दोष. जुन्या बोर्डांना लहानसा स्पीकर जोडला की तो टीं-टीं आवाज करतो. किती आणि कसे आवाज झाले यावरून कोणता भाग बिघडला ते बोर्डाच्या पुस्तिकेत पाहता येते.

सर्वांत आधी सोप्या गोष्टी पाहाव्यात. पडद्याची केबल दोन्ही टोकांना घट्ट आहे का? वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवले असेल, तर केबल त्या कार्डाला लावली आहे की चुकून मदरबोर्डला? मदरबोर्डला वीज देणारी २४ पिनांची मोठी जोडणी आणि प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनांची छोटी जोडणी पूर्ण आत बसली आहे का? घरी जोडलेल्या संगणकात ही छोटी जोडणी विसरली जाते किंवा अर्धवट बसते, आणि मग पंखा फिरतो पण पुढे काहीच होत नाही.

यानंतर रॅम. आमच्या मते ताईंच्या संगणकाचा संशय पहिल्यांदा इथेच घ्यावा. भाग पुण्याहून जुने आलेले, वर पावसाळ्याची दमट हवा, त्यामुळे रॅमच्या सोनेरी पट्टीवर थर बसतो. रॅम काढून ती पट्टी स्वच्छ कोरड्या खोडरबराने हळुवार पुसावी, रबराचा भुसा झटकावा, पट्टीला बोटे लावू नयेत. परत बसवताना कडेची कडी 'टक्' आवाज करून बसेपर्यंत सरळ दाबावी. दोन रॅम असतील, तर एकच ठेवून पाहावे, मग दुसरी. दोन्ही एकाच जागेत चालत नसतील, तर जागा बदलून पाहावी.

नव्या डीडीआर-५ रॅमचा संगणक जोडणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. पहिल्यांदा सुरू करताना तो रॅमची ओळख करून घेण्यात काही मिनिटे घालवतो आणि तेवढा वेळ पडदा काळाच राहतो. अशा वेळी घाईने वीज बंद करणाऱ्यांनाच तो बिघडल्यासारखा वाटतो.

तारीख मागे का जाते?

मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराचा एक सेल असतो. त्याचे नाव सीआर २०३२ आणि दाब ३ व्होल्ट. वीज नसताना घड्याळ आणि काही सेटिंग तोच जपतो. सेल संपला की तारीख जुनी दिसते. हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो आणि थोडक्या पैशांत मिळतो.

आता गंमत अशी की, ताईंना शिष्यवृत्तीचे संकेतस्थळ उघडत नाही, याचेही कारण हाच सेल असण्याचा मोठा संभव आहे. सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. संगणकाची तारीख त्या मुदतीच्या बाहेरची असेल, तर ब्राउझर ते संकेतस्थळ असुरक्षित समजून दार बंद करतो. सेल बदलावा, तारीख-वेळ हाताने नीट करावी आणि मग पाहावे. सेल संपल्यावर काही वेळा डिस्कचा क्रम किंवा डिस्क वाचण्याची पद्धतही मूळपदावर जाते आणि "बूट डिव्हाइस सापडत नाही" असा संदेश येतो. त्या वेळी डिस्क गेली असे समजून रडू नये. बायोसमध्ये जाऊन डिस्क दिसते का पाहावे, दिसत असेल तर क्रम ठीक करावा. दिसत नसेल तर तिच्या दोन्ही केबली काढून पुन्हा लावाव्यात. जुन्या फिरत्या डिस्कमधून टक्-टक् आवाज येत असेल, तर मात्र इतर सर्व उद्योग सोडून आधी कागदपत्रांची नक्कल काढावी.

सुरू होतो, पण टिकत नाही

अर्ध्या तासाने बंद पडतो, तेही दुपारी, याचा पहिला अर्थ उष्णता. प्रोसेसर ठरावीक तापमानाला, बहुधा ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोचला की आधी आपला वेग कमी करतो आणि तरी भागले नाही तर स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो. आपल्या विदर्भात उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो, टिनपत्र्याखालच्या खोलीची तर गोष्टच सोडा. सोयाबीन काढणीच्या दिवसांत धूळ आणि भुसा घरभर असतो. तो प्रोसेसरच्या पंख्याखालच्या पात्यांमध्ये नमद्यासारखा बसतो. पंखा बोटाने धरून मऊ ब्रशने किंवा ब्लोअरने धूळ काढावी, मोकळा सोडल्यास तो हवेच्या झोताने भरमसाट फिरून खराब होतो. प्रोसेसर आणि त्यावरचे ॲल्युमिनियम यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारा लेप असतो. जुन्या प्रोसेसरवर तो वाळून जातो. तो पुसून नवा लावावा, हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा जास्त नको.

येथे घराघरांतली एक सवय सांगतो. पुष्कळ घरांत संगणक त्याच टेबलावर असतो, जिथे बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमा असतात आणि रोज मेणबत्ती-अगरबत्ती लागते. त्या धुराची चिकट काजळी पंखा आत ओढतो आणि तिच्यावर धूळ पक्की बसते. वंदना जरूर घ्यावी, संगणकाची जागा मात्र चार हात दूर असावी.

उष्णतेचा दोष नसेल तर तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, मदरबोर्डवरचे नळकांड्यासारखे कपॅसिटर. त्यांची डोकी सपाट हवीत. फुगलेली किंवा गळलेली दिसली, तर दुकानदाराचे म्हणणे खरे असू शकते. २००० सालानंतरच्या काही वर्षांत निकृष्ट कपॅसिटरमुळे जगभर असंख्य बोर्ड असेच निकामी झाले होते. दुसरी, एसएमपीएस. ओळखीच्या कोणाकडून चांगला एसएमपीएस दोन दिवस मागून लावून पाहावा. तिसरी, पुन्हा रॅम. मेमटेस्ट नावाची तपासणी पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवावी. एकही चूक दिसली, तर ती रॅम भरवशाची नाही. रॅमचा वेग वाढवणारी एक्सएमपी नावाची सोय चालू असेल, तर ती बंद करून पाहावी.

दोष यंत्रात आहे की विंडोजमध्ये, हे ठरवण्याची सोपी परीक्षा आहे. लिनक्स ही मोफत प्रणाली पेनड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता चालवता येते. तिच्यावर संगणक तासन्‌तास नीट चालला, तर यंत्र बहुधा निर्दोष आहे, रोग विंडोजमध्ये किंवा डिस्कमध्ये आहे. विंडोज १० ला कंपनीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि पुष्कळ जुने संगणक विंडोज ११ च्या अटीत बसत नाहीत. तेव्हा जुन्या यंत्राला लिनक्स हा चांगला आसरा आहे. फुकटात मिळणाऱ्या चोरट्या विंडोजपासून मात्र दूर राहावे. तिच्याबरोबर काय काय घरात शिरते, याचा नेम नसतो.

मोठ्यांचेही बंद पडते

एखाद्याला वाटेल की, हे दुखणे गरिबाच्या जुन्या संगणकाचे. तसे नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फाइलीने जगातले सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बसले. आपल्या देशातही काही प्रवाशांना बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. उपाय काय निघाला? सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल पुसणे.

त्याच वर्षी इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही महागड्या प्रोसेसरचे संगणक वारंवार कोसळत होते. लोक आपल्या रॅमला, ग्राफिक्स कार्डाला, आपल्याच जोडणीला दोष देत राहिले. शेवटी कंपनीने मान्य केले की, प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात होते. ऑगस्ट २०२४ मध्ये तिने दुरुस्ती दिली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. ज्यांनी बिले जपली आणि नोंदी ठेवल्या, त्यांना आपला हक्क मागता आला. सबब, प्रत्येक भागाचे बिल वहीत चिकटवून ठेवावे.

ताईंसाठी क्रम

ताईंनी आता असे करावे. पहिल्या दिवशी धूळ काढून रॅम पुसून बसवावी. दुसऱ्या दिवशी सेल बदलून तारीख लावावी. तिसऱ्या दिवशी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. मग आठवडाभर वहीत नोंद करावी. तरीही बंद पडलाच, तर लेप, एसएमपीएस, मेमटेस्ट या क्रमाने जावे. एवढे करूनही दुकानात न्यावे लागले, तर काय काय तपासले ते वही उघडून सांगावे, कोणता भाग बदलणार ते लेखी घ्यावे आणि काढलेला जुना भाग परत मागावा.

आणि एक अत्यंत महत्त्वाचे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरावे लागतात आणि त्यांना मुदत असते. यंत्राच्या दुरुस्तीची वाट आणि अर्जाची वाट एक करू नका. संगणक उद्या सुरू होईल, मुदत उद्या नसेल. लेकीने आजच मोबाइलवरून किंवा आपले सरकार सेवा केंद्रातून अर्ज भरावा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका यांच्या प्रती पेनड्राइव्हवर आणि डिजिलॉकरमध्ये ठेवाव्यात, म्हणजे एक डिस्क गेली म्हणून वर्ष जाणार नाही.

राहिला शेवटचा प्रश्न, आमच्यासारख्यांनी यंत्राच्या नादी लागावे की नाही. ताई, या 'आमच्यासारख्यांनी' शब्दाचेच आम्हाला वाईट वाटले. विद्या कोणाच्या कुळाची आणि काम कोणाच्या कुळाचे, ही वाटणी ज्यांनी केली, त्यांच्या हिशेबात आपल्याला पाटीही नव्हती. आज तुमच्या घरात लेकीसमोर संगणक आहे आणि तो तुमच्याच माणसाने जोडला आहे. तो उघडायचा कोणी, एवढेच ठरायचे राहिले आहे. आमचे म्हणणे, पेचकस लेकीच्या हाती द्या. भाच्याची वाट पाहू नका, भावालाही पुढे करू नका. जी त्यावर शिकणार आहे, तिने तो उघडायला शिकावे. एक स्क्रू हरवेल, एक केबल उलटी लागेल, फार तर पुन्हा काढून लावावी लागेल. पण एकदा तिने स्वतः रॅम बसवून संगणक सुरू केला, की "तुम्हाला यातले कळणार नाही" असे तिला पुन्हा कोणी सहज म्हणू शकणार नाही. गावातली आणखी चार मुले तिच्याकडे विचारायला येतील, आणि विहारात रविवारी दोन तास बसून ती त्यांना सांगू शकेल.

भंगारवाल्याला तूर्त परत पाठवा. वहीचे पहिले पान लिहून झाले की आम्हाला जरूर कळवा. इतर वाचकांनीही आपल्या शंका लिहून पाठवताना संगणक कधी, कसा आणि काय करताना बंद पडतो, एवढे तपशील द्यावेत.

जयभीम!